आठवड्याचा गोळ्यांचा डबा: हार्ट फेल्युअरच्या औषधांसाठी कोणता घ्यावा, कसा भरावा

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर झालेल्या, पेशंटसाठी गोळ्यांचा डबा घ्यायचा असेल तर २८ खणांचा घ्यावा, आणि त्यातही प्रत्येक दिवसाची पट्टी सुटी निघते असा. मेडिकलच्या काउंटरवर टांगलेला सात खणांचा लांबट डबा या आजाराला पुरत नाही. गजर वाजणारे, मोबाइलला जोडलेले महागडे डबे बहुतेक घरांना लागतच नाहीत. आणि डबा कुठलाही घेतला तरी काही औषधं त्यात टाकायचीच नसतात. डब्याच्या पाकिटावर हे शेवटचं कुणी लिहीत नाही, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते, ३० टक्क्यांवर आलं की घरी येणारी औषधांची चिठ्ठी साधारण अशी असते. सकाळी सॅक्युबिट्रिल-वालसार्टन, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी म्हणजे टॉर्सेमाइड, अशा पाच. दुपारी टॉर्सेमाइडची दुसरी, एक. रात्री सॅक्युबिट्रिल-वालसार्टनची दुसरी आणि कोलेस्टेरॉलची एक, अशा दोन. दिवसाला आठ, आठवड्याला ५६ गोळ्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी पांढऱ्या, गोल, लहान. मधुमेह असेल तर त्याच्या गोळ्या वेगळ्या.

या गर्दीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच प्रश्नाचा: सकाळची घेतली होती का? संशयापोटी बीटा-ब्लॉकरची (नाडी संथ करणारी; वरच्या यादीतली बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल) गोळी दुसऱ्यांदा घेतली तर नाडी मंदावते, बीपी पडतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उलट ‘घेतली असेल’ असं समजून लघवीची गोळी दोन-तीन दिवस राहून गेली की पावलांवर सूज चढते आणि रात्री आडवं पडल्यावर धाप लागते. डबा हा प्रश्न सोडवतो. खण रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली. राहिलेली गोळी लवकर लक्षात आली तर घ्यावी. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी, आणि दोन डोस एकत्र कधीही घेऊ नयेत. एवढ्या एका कामासाठी डब्याचे पैसे वसूल होतात.

कोणता डबा

सात खणांच्या डब्यात दिवसाला एकच खण. दिवसातून एकदाच औषध घेणाऱ्याला तो ठीक. इथे मात्र सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या एकाच खणात पडतात, आणि कुणीतरी एक दिवस सगळ्या एकदम गिळतो. चौदा खणांचा, सकाळ-रात्र असा दोन रंगांचा डबा येतो. दुपारी एकही गोळी नसेल तर तो चालतो आणि खिशातही मावतो. पण लघवीच्या गोळीचा दुसरा डोस कधी सुरू होईल हे सांगता येत नाही, आणि तो सुरू झाला की हा डबा अडचणीचा होतो.

२८ खणांचा डबा साधारण २०० ते ५०० रुपयांत मिळतो. एका मोठ्या ट्रेमध्ये सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीला चार खण. पट्टी सुटी निघत असेल तर त्या दिवसापुरती खिशात किंवा पर्समध्ये टाकता येते, एसटीच्या प्रवासात अख्खा ट्रे न्यावा लागत नाही. सगळे खण एकाच प्लास्टिकच्या तुकड्यात असलेला डबा थोडा स्वस्त पडतो, पण एका झाकणाची बिजागरी तुटली की अख्खा डबा टाकावा लागतो.

विकत घेतल्यावर पहिल्या दिवशी गोळ्या भरू नका, मूग भरा. प्रत्येक खणात चिमूटभर अख्खे मूग टाकून झाकणं दाबायची, डबा उलटा धरून दहा-बारा वेळा हलवायचा, मग टेबलाच्या उंचीवरून चादरीवर पाडायचा. मूग बाहेर आले किंवा शेजारच्या खणात सरकले तर डबा परत करा. मूग गोळीपेक्षा लहान, त्यामुळे ही परीक्षा कडक आहे. ती कडकच हवी, कारण डिगॉक्सिनची (हृदयाचे ठोके आवरणारं जुनं औषध) इवलीशी गोळी किंवा कापलेली अर्धी गोळी झाकणाखालून पलीकडच्या खणात गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी परीक्षा पेशंटच्या हाताची. बोटांना सांधेदुखी असलेल्या माणसाला घट्ट झाकण उघडत नाही, मग तो चमच्याच्या दांड्याने उचकटतो आणि गोळ्या जमिनीवर सांडतात. दुकानात आपण उघडून पाहण्यापेक्षा आईला किंवा सासऱ्यांना तीन-चार खण उघडायला सांगा. बाजूला बोट शिरेल अशी खाच असलेली झाकणं बरी पडतात. झाकण पारदर्शक असावं, म्हणजे खण न उघडताच आत गोळी आहे की नाही ते दिसतं.

डब्यांवरची अक्षरं हा मात्र खरोखर त्रासाचा भाग आहे. वारांची नुसती इंग्रजी आद्याक्षरं छापलेली असतात, आणि त्यात मंगळवार-गुरुवारचं अक्षर एक, शनिवार-रविवारचं एक. इंग्रजी वाचणाऱ्यालाही चष्म्याशिवाय फरक कळत नाही. पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने ‘सोम, मंगळ, बुध’ असं लिहून चिकटवा आणि वर पारदर्शक टेप लावा, नाहीतर ओल्या हाताने आठवडाभरात शाई पुसते. वेळेच्या जागी ‘न्याहारीनंतर’, ‘दुपारी’, ‘संध्याकाळी’, ‘रात्री जेवल्यावर’ असं लिहावं. कार्व्हेडिलॉल (हाही बीटा-ब्लॉकरच) आणि आयव्हाब्राडिन (नाडी संथ करणारी वेगळी गोळी) खाण्याबरोबर घ्यायची असतात. नुसतं ‘सकाळ’ लिहिलं तर ती चहाबरोबर रिकाम्या पोटी जातात.

दुपारचा खण लघवीच्या गोळीसाठी

डब्यावर छापलेल्या चार वेळा म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. ‘दिवसातून दोनदा’ असं लिहिलेली प्रत्येक गोळी माणूस सवयीने सकाळी आणि रात्री भरतो. टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइडच्या बाबतीत ही चूक महागात पडते. गोळी घेतल्यावर साधारण तासाभरात लघवी सुरू होते आणि तिचा जोर सहा-आठ तास टिकतो. रात्री नऊला घेतली तर पहाटेपर्यंत उठबस. अंधारात, बीपीच्या गोळ्यांनी आधीच बीपी उतरलेलं असताना बाथरूमकडे जाताना पडणं आणि मांडीचं हाड मोडणं हा या गोळीचा खरा धोका आहे. दुसरा डोस दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली नसेल तर विचारून घ्या आणि गोळी दुपारच्या खणात टाका.

संध्याकाळचा खण रक्त पातळ करायच्या गोळीला सोयीचा. असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन संध्याकाळी ठेवलं की दिवसा आयएनआरचा (रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी बदललेला डोस त्याच दिवशी लागू करता येतो. एक दिवस दोन मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी तीन, असा आडदिवसांचा डोस डोक्यात ठेवण्यापेक्षा डब्यात ठेवणं कितीतरी सुरक्षित. डिगॉक्सिनचंही तसंच. ती बऱ्याच जणांना आठवड्यातून पाचच दिवस दिलेली असते. सुट्टीचे दोन दिवस कोणते हे एकदा ठरवून त्या खणांवर ठिपका काढून ठेवा, म्हणजे भरणारा ‘राहिली वाटतं’ म्हणून टाकणार नाही. डिगॉक्सिनचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांच्यात अंतर फार थोडं असतं. अन्नावरची वासना जाणं, मळमळ, नाडी मंद होणं, वस्तू पिवळसर-हिरवट दिसणं यांतलं काहीही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन.

बऱ्याच डब्यांबरोबर गोळी कापायचं पातं फुकट येतं. ते वापरायचं ते फक्त मधोमध खाच असलेल्या गोळीवर. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही हळूहळू विरघळणारी गोळी. खाच असेल तर तिचे दोन भाग चालतात, पण चावणं किंवा कुटणं अजिबात नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. कार्व्हेडिलॉल १२.५ ची अर्धी करण्यापेक्षा ६.२५ ची गोळीच मागा, ती मिळते. पातं बोथट झालं की गोळीचा चुरा पडतो आणि अर्ध्या-अर्ध्यात फरक येतो.

डब्यात न ठेवायच्या गोळ्या

सॅक्युबिट्रिल-वालसार्टन ओलाव्यापासून जपायची आणि मूळ पाकिटातच ठेवायची गोळी आहे. डब्याचं झाकण हवाबंद नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरीत, मुंबईत किंवा गोव्यात बिस्किटाचा उघडा पुडा दोन दिवसांत मऊ पडतो. तशाच हवेत ही गोळी सात दिवस उघडी ठेवू नये. ती स्ट्रिपमध्येच राहू द्या. मग डब्यात तिची आठवण कशी राहणार? त्या खणात कागदाची घडी केलेली चिठ्ठी टाका, वर लिहा ‘स्ट्रिपमधली एक’. गोळी घेतली की चिठ्ठी बाहेर काढून वाटीत टाकायची. पुढच्या रविवारी तीच चिठ्ठी पुन्हा वापरता येते. स्ट्रिपमधून गोळी दाबून काढणं पेशंटला जमत नसेल तर घरच्या माणसाने सकाळी फक्त त्या दिवसापुरत्या दोन काढून ठेवाव्यात.

काही लोक यावर वेगळी शक्कल लढवतात. कात्रीने स्ट्रिपचे चौकोनी तुकडे करून फॉइलसकट गोळी खणात टाकतात. हे करू नका. कापलेल्या फॉइलचे चारही कोपरे धारदार असतात. नजर अधू असलेला माणूस इतर गोळ्यांबरोबर तो तुकडाही तोंडात टाकतो, आणि तो अन्ननलिकेत अडकून तिला भोक पाडू शकतो. असे प्रसंग वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहिलं आहे.

डॅबिगाट्रान ही रक्त पातळ करायची कॅप्सूल तर डब्यात मुळीच नको. ओलावा लागला की ती बिघडते आणि पेशंट रक्त पातळ होतंय या भरवशावर राहतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या मूळ पॅकिंगमध्ये, खिशात किंवा उशाशी. ती ठरल्या वेळेची नाही, अडचणीच्या क्षणाची आहे. तसंच सूज वाढली तर घ्यायची म्हणून डॉक्टरांनी दिलेली जादा लघवीची गोळी. तिची स्ट्रिप वेगळ्या पाकिटात ठेवा आणि वर डॉक्टरांनी सांगितलेला नियम लिहा: किती वजन वाढल्यावर, किती गोळ्या, किती दिवस, आणि मग फोन कुणाला.

वजनाचा काटा डब्याच्या शेजारीच हवा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, न्याहारीआधी, तशाच कपड्यांत, फरशीवर ठेवलेल्या काट्यावर वजन घ्यायचं. गादीवर, सतरंजीवर काटा खोटं सांगतो. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ म्हणजे अंगात पाणी साठतंय. पायावर सूज दिसेपर्यंत वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

भरायची रीत

रविवारी सकाळी, खिडकीपाशी, भरपूर उजेडात. टीव्ही बंद. समोर डॉक्टरांची सगळ्यात ताजी चिठ्ठी, सगळ्या स्ट्रिपा आणि रिकामा, पुसून कोरडा केलेला डबा. सगळी झाकणं उघडी. आता एक औषध हातात घ्यायचं, स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवायचे, सातही दिवसांत टाकायचं, आणि स्ट्रिप डाव्या हाताला ठेवून द्यायची. मग दुसरं औषध. सोमवारच्या सगळ्या गोळ्या, मग मंगळवारच्या, असं भरू नये. तसं केलं की आठ स्ट्रिपा सतत हाताखाली राहतात आणि चौथ्या दिवशी एखादी दोनदा पडते. एक-एक औषध भरताना चूक झाली तर तीही लगेच दिसते, कारण एखादा खण रिकामा किंवा जास्त भरलेला असा वेगळा उठून दिसतो.

भरून झालं की मोजणी. वरच्या उदाहरणात सॅक्युबिट्रिल-वालसार्टन बाहेर ठेवलं तर प्रत्येक सकाळच्या खणात चार गोळ्या आणि एक चिठ्ठी, दुपारी एक गोळी, रात्री एक गोळी आणि एक चिठ्ठी. आठवड्याच्या एकूण ४२ गोळ्या, १४ चिठ्ठ्या. हा आकडा डब्याच्या पाठीवर लिहून ठेवा. बेरीज चुकली तर झाकण लावायचं नाही, पुन्हा पाहायचं. भरणारा एक आणि मोजणारा दुसरा असेल तर फारच चांगलं. कॉलेजात जाणारी नात हे काम उत्तम करते.

त्याच बैठकीत उरलेल्या गोळ्याही मोजा. एखादी स्ट्रिप दहाची, एखादी चौदाची, एखादी पंधराची, त्यामुळे सगळी औषधं एकाच दिवशी संपत नाहीत. सात दिवसांपेक्षा कमी उरलं की त्याच दिवशी आणायचं. बीटा-ब्लॉकर संपला म्हणून चार दिवस बंद, असं करायचं नाही. ते अचानक थांबलं की नाडी उसळते आणि हृदयावर एकदम ताण येतो. मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि एक्स्पायरी असलेलं टोक अनेकदा त्याच्याकडेच राहतं. पूर्ण स्ट्रिप घ्या, आणि घरी गोळ्या तारीख नसलेल्या टोकाकडून काढत चला, म्हणजे नाव शेवटपर्यंत हातात राहतं. डबा भरला तरी स्ट्रिपा टाकू नका.

एकच औषध दोन नावांनी

डबा भरताना खरा धोका इथे आहे, आणि चांगल्यातला चांगला डबाही तो पकडू शकत नाही. हॉस्पिटलमधून सुटी होताना एका कंपनीची गोळी मिळते, गावच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या कंपनीची आधीपासून चालू असते, जनऔषधी केंद्रातून तिसरी येते. नाव वेगळं, रंग वेगळा, आत औषध तेच. भरणारा माणूस प्रामाणिकपणे तिन्ही टाकतो. म्हणून ब्रँडचं मोठं नाव वाचायचं नाही, त्याच्यासोबत छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचायचं. जनऔषधीची गोळी हलकी असते असं नाही. ती स्वस्त आहे, आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या औषधांना स्वस्त असणं फार महत्त्वाचं. फक्त ती आणल्यावर जुन्या ब्रँडची स्ट्रिप बाजूला काढा.

आपल्याकडे जोडगोळ्यांचं प्रमाण मोठं आहे, तिथे जास्त लक्ष हवं. टॉर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकाच गोळीत मिळतात, त्यात स्पायरोनोलॅक्टोन बहुधा ५० मिलिग्रॅम असतं. फ्युरोसेमाइडबरोबरचीही अशी जोडगोळी आहे. अशी गोळी चालू असताना २५ मिलिग्रॅमचं सुटं स्पायरोनोलॅक्टोनही डब्यात पडलं तर दिवसाला ७५ होतं. सॅक्युबिट्रिल-वालसार्टन सोबत असताना रक्तातलं पोटॅशियम चढायला एवढं पुरतं. ५.५ च्या वर गेलं की डोस कमी करावा लागतो, ६ च्या वर तर औषध थांबवून तातडीने पाहावं लागतं, कारण हृदयाचे ठोके बिघडतात आणि आधी काही जाणवेलच असं नाही. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर आठवड्याने आणि महिन्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) तपासायचं असतं, पुढेही ठरावीक अंतराने. ‘बरं वाटतंय’ म्हणून ही तपासणी टाळू नये.

दुसरी घातक जोडी: घरात बीपीसाठी जुनी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल उरलेली असते, आणि नवं सॅक्युबिट्रिल-वालसार्टन सुरू झालेलं असतं. ही दोन्ही एकत्र कधीच नाही. जुनी थांबवल्यावर ३६ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडू शकतो. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनचंही दुबार होतं, कारण वालसार्टन त्याच जातीचं आहे. नवीन चिठ्ठी आली की डॉक्टरांना ‘कोणत्या सुरू करायच्या’ एवढंच विचारून उठू नका. ‘कोणत्या बंद करायच्या’ हेही विचारा आणि बंद झालेल्या स्ट्रिपा त्याच दिवशी घराबाहेर काढा.

डब्याबाहेरून येणारी औषधंही याच हिशेबात धरायला हवीत. गुडघेदुखीला शेजाऱ्याने दिलेली डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या अंगात मीठ-पाणी अडवतात, लघवीच्या गोळीचा जोर कमी करतात आणि किडनीवर ताण देतात. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल घ्यावी, फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. सर्दीच्या गोळीत फिनाइलेफ्रिन असेल तर ती नको. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन आहे का हे बघा. ते अंगात पाणी धरतं आणि हार्ट फेल्युअरमध्ये टाळायचं असतं. आणि ‘हृदयासाठी चांगलं’ म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, तेच जे आधी चढायला टपलेलं आहे. सैंधवानेही सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ आणि ताटात पापड-लोणचं नाही, हा सरळ रस्ता.

डबा भरलेला असला तरी कधी थांबायचं

डबा रोज तेच सांगतो, शरीर रोज सारखं नसतं. जुलाब, उलट्या, कडक ताप, पोटात अन्न-पाणी जात नाही अशा दिवशी लघवीची गोळी, डापाग्लिफ्लोझिन आणि बीपी उतरवणाऱ्या गोळ्या नेहमीसारख्या घेतल्या तर अंगातलं पाणी फार कमी होऊन किडनी दुखावते. त्या दिवशी खण उघडण्याआधी डॉक्टरांना फोन करून काय थांबवायचं ते विचारा. बीटा-ब्लॉकर मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. डापाग्लिफ्लोझिन आणि त्याच जातीची एम्पाग्लिफ्लोझिन उपाशीपोटी धोक्याची, रक्तात आम्ल वाढू शकतं, विशेषतः मधुमेह असेल तर. नवरात्राचे नऊ दिवस, निर्जळी एकादशी, आषाढीची पायी वारी यांच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांशी बोला. ऑपरेशन ठरलं असेल तर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी साधारण तीन दिवस आधी बंद करतात. ते सर्जनना आठवणीने सांगा, कारण ती अनेकदा ‘शुगरची गोळी’ म्हणून यादीतून सुटते.

पाण्यावर बंधन असेल, समजा दीड लिटर, तर गोळ्यांबरोबरचं पाणीही त्यातच मोजायचं. चार वेळा मोठा पेला भरून प्यायलं की निम्म्याहून जास्त कोटा तिथेच संपतो. छोट्या फुलपात्राने घ्या.

डबा ठेवायची जागा: गॅसच्या ओट्यावर नको, फ्रिजवर नको, फ्रिजमध्ये नको, बाथरूममध्ये नको, उन्हाच्या खिडकीत नको. डायनिंग टेबलाशेजारचं कपाट, पण लहान मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर. या डब्यांची झाकणं तीन वर्षांचं मूलही उघडतं, आणि रंगीत खणांतली गोळी त्याला चॉकलेटसारखी दिसते. डिगॉक्सिनच्या किंवा बीटा-ब्लॉकरच्या मोजक्या गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेततात. नातवंडं येणार असतील तेव्हा डबा कुलपात.

महागडे डबे

गजर वाजणारा डबा हजाराच्या पुढे जातो आणि त्यात कामाचं काय, तर घड्याळ. ते फोनमध्ये आहेच. बॅटरी उतरली की डबा गप्प होतो आणि त्याच्या भरवशावर बसलेला माणूस औषध विसरतो. ठरल्या वेळी एकच खण समोर आणणारं, कुलूप लागणारं गोल यंत्र मात्र वेगळं. विसराळूपणाचा आजार असलेला पेशंट डबा दिसला की पुन्हा-पुन्हा उघडून गोळ्या घेतो, तिथे त्याचे पैसे सार्थकी लागतात, कारण उरलेले खण त्याच्या हाताला लागतच नाहीत. तरीही ते भरायचं माणसानेच, आणि वरचे सगळे नियम त्यालाही लागू.

आठवड्याच्या मध्ये डोस बदलला तर खणांत बोटं घालून ‘ती पांढरी’ शोधू नका. उरलेल्या दिवसांचे सगळे खण एका ताटात रिकामे करा, ज्या गोळ्या नक्की ओळखता येतात त्याच ठेवा, संशयाच्या टाका आणि नव्या चिठ्ठीप्रमाणे पुन्हा भरा. दहा-वीस रुपयांच्या गोळ्या वाया जातील, जाऊ द्या. आणि रात्री-अपरात्री पेशंटला हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर हा डबा नेऊ नका. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना त्यातल्या बिननावाच्या पांढऱ्या गोळ्यांवरून काहीच कळत नाही. सगळ्या स्ट्रिपा, ताजी चिठ्ठी आणि वजनाची वही एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती पिशवी डब्याच्या कपाटातच, दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवून ठेवा.